नवा संच आला आणि गाणं गेलं!

"आई, तू हल्ली गुणगुणत नाहीस!"

जानेवारी 2025 मधली, संक्रांतीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मी तिळाचे लाडू वळत होते. माझी नऊ वर्षांची लेक ताटलीतला गूळ चाटता चाटता सहज बोलून गेली आणि खेळायला पळाली. माझा हात मात्र थबकला. तेवढ्यात पाक घट्ट झाला आणि शेवटचे पाच-सहा लाडू काही वळता आले नाहीत.

खरंच की! गुणगुणणं ही माझी जुनी खोड. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, वह्या तपासताना माझं काही ना काही चालूच असायचं. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं होतं, "सून घरात कुठं आहे ते शोधावं लागत नाही हो, कानानंच कळतं." आणि आता दिवाळीपासून, म्हणजे जवळजवळ अडीच महिने, माझ्या तोंडून एक ओळ निघाली नव्हती. कुणी मेलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. उलट घरात 38 हजारांचा गाण्याचा नवा संच आला होता!

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, हे काय दुःख आहे का? मलाही तसंच वाटत होतं. म्हणूनच मी ते कुणाला सांगितलं नाही आणि तिथंच चुकलं.

बाबांचा डेक

आमच्याकडे माझ्या माहेरचा डेक होता. बाबा साधे कारकून. 1992 साली पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी तो घेतला. दोन लाकडी पेट्यांचे स्पीकर, मधे ॲम्प्लिफायर, त्यातच रेडिओ आणि कॅसेटचा खण. माझ्या लग्नात तो रुखवतात मांडावा असं आत्याचं म्हणणं होतं. ते काही जमलं नाही, पण चार दिवसांनी दीडशे कॅसेट्सच्या खोक्यासह तो टेम्पोतून माझ्यामागोमाग सासरी आला.

पहाटे तो सासूबाईंचा असायचा. सहा वाजता त्या सांगली केंद्र लावायच्या. भक्तिगीतं, मग बातम्या. कळ दाबली की लागलं, चष्मासुद्धा शोधायला नको.

दुपारी तो माझा. मी आठवड्यातले तीन दिवस एका शाळेत सकाळच्या सत्रात मराठी शिकवते. एक वाजता घरी यायचं, जेवणं उरकायची, सासूबाई जरा आडव्या झाल्या की दोन ते तीन हा माझा तास. फिलिप्स कंपनीनं 1963 साली कॅसेट आणली, तेव्हा घरोघरच्या बायका तिचा घड्याळासारखा उपयोग करतील असं कुणाच्या मनातही आलं नसेल! साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. एक बाजू म्हणजे पाव किलो गवार मोडून, लसूण सोलून व्हायची. दोन बाजू म्हणजे एका तुकडीच्या निबंधाच्या वह्या. किशोरीताई आमोणकरांची एक कॅसेट होती, एका बाजूला बागेश्री, दुसऱ्या बाजूला भूप. भूप संपून खटकन कळ वर आली की मी चहाचं आधण ठेवायची. त्या तासात मी कुणाची सून नसायची, कुणाची बाई नसायची. कान डेककडे आणि हात भाजीत.

पण यंत्रच ते. गेल्या दोन वर्षांत त्याचा वेग कमीजास्त व्हायला लागला. बिचारे कुमार गंधर्व मधेच दमल्यासारखे खाली उतरायचे. हे म्हणायचे, "आता याला निरोप दे गं."

दिवाळीची भेट

आणि 2024 च्या पाडव्याला ह्यांनी ओवाळणी म्हणून नवा संच आणला. जेवणाच्या डब्याएवढे पाच स्पीकर आणि पाटाखाली मावेल असा एक मोठा ठोकळा. त्याला वूफर म्हणतात, जड आवाज काढायला. दुकानातला मुलगा आला, अर्ध्या तासात चार कोपऱ्यांत छताजवळ चार डबे आणि पाचवा टीव्हीवर लावून गेला. वूफर भिंतीच्या कोपऱ्यात सरकवला. त्याच सुमारास आम्ही हॉलमध्ये नवी फरशी घातली होती, जुने जाड पडदे काढून पट्ट्यांचे लावले होते. हॉल कसा चकचकीत, मोकळा दिसत होता. बाबांचा डेक माळ्यावर गेला.

संध्याकाळी ह्यांनी सिनेमा लावला. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखं वाटलं. मुलं टाळ्या वाजवायला लागली. हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता तुझं गाणं लाव बघू!" मी भूप लावला.

काय सांगू? स्वर ऐकू येत होते, शब्द स्वच्छ, कॅसेटची ती खरखर नाही. पण बाई समोर बसून गात नव्हत्या. आवाज घरभर पातळ पसरलेला, कुठून येतोय कळेना. तबल्याचा डग्गा मात्र शेजारच्या घरात खलबत्ता चालल्यासारखा घुमतोय. मी म्हटलं, "छान आहे." ह्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून दुसरं काय म्हणणार?

माझंच काही बिघडलं का?

मग रोज दुपारी मी नेटानं लावून बघायची. रिमोट मुलाच्या दप्तराखाली सापडायचा. टीव्ही सुरू केल्याशिवाय यादी दिसायची नाही. यादी दिसली की त्यात लाख गाणी, कुठलं लावू? एक लावलं की मधेच कुठल्या तरी साबणाची जाहिरात. रागाचा विस्तार रंगायला लागला की माझं बोट पुढच्या गाण्याकडे. हे नको, ते लावू. ते नको, दुसरं. तीन वाजले तरी एकही गाणं पुरतं ऐकलेलं नसायचं, आणि भाजी तशीच.

हळूहळू मी लावायचंच सोडलं. मनात भलभलते विचार यायला लागले. पस्तिशी उलटली, संसारात मन कोरडं झालं का? कानाला काही झालं का? की मुळात मला गाण्यातलं काही कळतच नव्हतं, बाबांच्या आठवणीलाच मी गाण्याची आवड समजत होते? शेवटचा विचार फार लागला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली आहेत.

ह्यांना कसं सांगणार? बोनसमधले पैसे घालून हौसेनं आणलेली वस्तू. सांगितलं तर म्हणतील, हिला चांगलं दिलेलं रुचत नाही.

सासूबाईंची पहाट

संक्रांतीनंतरच्या रविवारी मला लवकर जाग आली. हॉलमध्ये अंधार. पाहते तर सासूबाई खुर्चीत नुसत्या बसलेल्या. जिथं पूर्वी डेक असायचा त्याच कोपऱ्याकडे तोंड करून. हातात जपमाळ होती, पण फिरत नव्हती.

"आई, रेडिओ नाही लावला?"

"कसा लावू गं? त्यानं मोबाइलमध्ये घालून दिलाय, पण बोट लागलं की भलतंच उघडतं. एकदा तर पहाटे पावणेसहाला तुझ्या नणंदेला फोन लागला, ती बिचारी घाबरून उठली. रोज उठून कुणाला लावून द्यायला सांगायचं? तुझी शाळेची घाई."

"मग सांगायचं नाही का?"

"एवढ्या हौसेनं आणलंय त्यानं. म्हटलं, जाऊ दे."

माझेच शब्द! एकाच घरात दोघी बायका तीन महिने गाण्याविना बसलो होतो, एकाच माणसाचं मन मोडू नये म्हणून, आणि एकमेकींनाही बोललो नव्हतो. मला माझी फार लाज वाटली. माझा दुपारचा तास गेला याचं मी मनात एवढं रडगाणं गात होते, आणि त्यांची पहाट गेली ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांच्या वयाला दुसरी करमणूक तरी काय?

त्या रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. आधी हे जरा दुखावले. "तीन महिने गप्प बसलीस?" म्हणाले. मग थोड्या वेळानं, "खरं सांगू? सिनेमा झकास वाटतो, पण तुझी गाणी मलाही उपरी वाटत होती. तुला आवडतंय असं वाटलं म्हणून मी बोललो नाही." घ्या! म्हणजे बोलत नव्हतो ते तिघंही.

एकाचा श्वास आत, दुसऱ्याचा बाहेर

दुसऱ्या दिवशी डेक माळ्यावरून उतरवला आणि बाजारातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. डेकचं दुखणं त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं. आतला रबरी पट्टा वयानं सैल झाला होता, म्हणून वेग पडत होता. नवा पट्टा आणि साफसफाई धरून 350 रुपये झाले.

मग त्यांनी नव्या संचावर माझा भूप लावायला सांगितला. डोळे मिटून मिनिटभर ऐकलं, स्टुलावर चढून समोरच्या दोन डब्यांच्या मागच्या वायरी पाहिल्या आणि हसले. "वहिनी, तुमचा कान शाबूत आहे. या दोघांत एकाचा श्वास आत जातो तेव्हा दुसऱ्याचा बाहेर येतोय!"

त्यांनी समजावलं ते असं. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरांतून सारखाच येतो, म्हणून तो आपल्याला बरोबर मधोमध, समोर बसल्यासारखा ऐकू येतो. पण एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट जोडल्या, तर एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघं एकमेकांचं काम खोडतात. भरदार आवाज पातळ होतो आणि गाणाऱ्याची जागाच हरवते. लावणाऱ्या मुलानं घाईत नेमकं हेच केलं होतं.

काकांनी वीज बंद करून वायरी नीट केल्या. सिनेमासाठीचा, घुमारा वाढवणारा प्रकार रिमोटवरून बंद करून साधा 'स्टिरिओ' ठेवला. वूफर कोपऱ्यातून दोन हात बाहेर ओढला, कारण कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून जड आवाज फुगतो. समोरचे दोन डबे छतावरून उतरवून टीव्हीच्या टेबलावर, बसल्यावर कानाशी येतील असे ठेवले. मग पुन्हा भूप लावला, आणि बाई समोर येऊन बसल्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "आता कसं माणूस गातंय असं वाटतं!"

मी विचारलं, "मग एवढ्या महाग वस्तूपेक्षा जुना डेक भारी का वाटायचा?" काका म्हणाले, "मिरजेला तानपुरे करणाऱ्यांकडे जाऊन विचारा ना, भोपळा एवढा मोठा का घेतात ते!" त्यांचं म्हणणं पटलं. मिरज आमच्यापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथं येतात आणि खर्जासाठी त्यातले मोठे निवडतात. पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण 65 ते 70 वेळा कंप पावते. तो आवाज भरायला पोकळी हवी. डब्याएवढ्या स्पीकरात ती नसते, म्हणून वेगळा वूफर द्यावा लागतो, आणि तो नीट जुळवला नाही तर कंठ एकीकडे आणि खर्ज दुसरीकडे अशी फारकत होते.

आणखी एक गंमत कळली. आवाज लहान ठेवला की आपल्या कानाला खालचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 1933 साली हे मोजून दाखवलं. म्हणूनच जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाची कळ असायची. ती दाबली की हळू आवाजातही भरदारपणा टिकायचा. बाबांनी ती कायमची दाबून ठेवली होती! मी दुपारी सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून हळू लावायची. डेकवर ते गोड लागायचं आणि नव्या संचावर तेच फिकं.

यंत्र ऐकायचं की गाणं?

पण मैत्रिणींनो, खरं सांगते, वायरी नीट झाल्या त्या दिवशी माझं गाणं सगळंच्या सगळं परत आलं नाही. मला एक वाईट सवय लागली होती. गाणं लावलं की मी आधी चूक शोधायची: डग्गा घुमतोय का, आवाज मधोमध आहे का, डेकवर हे बरं होतं का. सुनेनं केलेली आमटी तोंडात घालायच्या आधीच मीठ कमी म्हणणाऱ्या सासवा असतात ना, तशी मी झाले होते. (आमच्या सासूबाई तशा नाहीत, हे छापायलाच हवं!)

तेव्हा बाबा सांगायचे ते आठवलं. आपल्याकडे 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित झालं. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मिरजेत राहणारे अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांचं गाणं आज आपल्याला मिळतं ते अशाच तबकड्यांवरचं. त्यात खरखर आहे, तळाचा आवाज जवळजवळ नाही. तरी लोक ते मनापासून ऐकत आले. म्हणजे सुख केवळ स्वच्छ आवाजात नसतं. माझ्याकडून नव्या संचानं आवाजापेक्षा मोठ्या तीन गोष्टी काढून घेतल्या होत्या: ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि 'आता एवढंच ऐकायचं' ही मर्यादा. कॅसेटची बाजू संपेपर्यंत मी गाण्याला सोडत नव्हते, म्हणून गाणंही मला सोडत नव्हतं.

जुनं तेच सोनं असं मी म्हणणार नाही. कॅसेट घासली जाते, फीत अडकते, आणि आज नव्या संचावर जेवढं गाणं मिळतं तेवढं बाबांना जन्मभर मिळालं नाही. आता आमच्याकडे वाटणी झाली आहे. डेक स्वयंपाकघराच्या दारापाशी, पहाटे सासूबाईंचा आणि दुपारी माझा. नवा संच हॉलमध्ये, संध्याकाळी सर्वांचा. रविवारी रात्री आम्ही त्यावर एकच मैफल लावतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. रिमोट सासूबाईंच्या मांडीवर असतो, म्हणजे कुणी पुढे ढकलत नाही!

घरच्या घरी एवढं पाहा

तुमच्याकडेही नवीन वस्तू आली आणि गाणं रुचेनासं झालं असेल, तर स्वतःला दोष देण्याआधी एवढं करून पाहा.

नवी वस्तू घेताना दुकानात आपल्या सवयीची तीन गाणी लावून ऐका. एक बाईच्या आवाजातलं, एक तानपुरा-तबल्याचं, एक अगदी जुनं. दुकानदार लावील त्या दणदणीत गाण्यावर जाऊ नका. जुनी वस्तू त्याच दिवशी मोडीत देऊ नका, महिनाभर ठेवा.

स्पीकर वायरीचे असतील तर वीज बंद करून पाहा. लाल टोक लाल खुणेला, काळं काळ्याला, दोन्हीकडे सारखं हवं. समोरचे दोन स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला असावेत, आणि त्यांच्यात जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर आपण बसावं. मोठा ठोकळा कोपऱ्यात कोंबू नये.

खोलीत एक टाळी वाजवा. झणझण उमटली तर दोष खोलीचा. एक सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट यांनी खूप फरक पडतो. आम्ही जुने पडदे पुन्हा लावले.

मोबाइलवरून गाणी लावत असाल तर त्यात 'डेटा वाचवा' अशी सोय चालू आहे का पाहा. ती चालू असली की गाणं लहान करून पाठवतात आणि तानपुऱ्यासारखे बारीक झंकार आधी मार खातात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, "तुम्हाला हे लावता येतं का?" लावता येतं का एवढंच नाही, लावतात का, तेही पाहा. एका कळीचा साधा रेडिओ त्यांच्या उशाशी असू द्या.

आणि एक महत्त्वाचं. एका कानानं कमी ऐकू येतंय असं वाटलं तर कान तपासून घ्या. कधी नुसता मळही असतो. गाण्यातच नव्हे, तर खाण्यात, माणसांत, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते यंत्राचं दुखणं नव्हे. संकोच न करता डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत.

सर्वांत स्वस्त उपाय शेवटी सांगते: बोला. हौसेनं आणलेल्या वस्तूबद्दल खरं सांगितलं म्हणून हौस मरत नाही. आमच्याकडे तीन महिने जे अडलं होतं ते दोन वायरींमुळे थोडं आणि तीन माणसांच्या गप्प बसण्यामुळे जास्त.

परवा दुपारी भूपाची बाजू संपली, कळ खटकन वर आली. मी चहाचं आधण ठेवलं आणि आल्याचा तुकडा ठेचायला घेतला. पलीकडच्या खोलीतून लेकीचा वैतागलेला आवाज आला,

"आई, हळू म्हण ना! मला गणितं सोडवायची आहेत."